पाळक लोक आयुष्यभर भुकेल्या-गरिबांची सेवा करतात ती मनापासून, की धर्म वाढवायला?

हा प्रश्न तीन आठवडे माझ्यापुढे येतोय आणि तीन आठवडे मी तो वर सरकवतेय. आज राहवलं नाही, कारण खाली तुम्ही एक ओळ जोडलीय: "दुष्काळात गहू वाटून माणसं ओढली, हे खरं ना? नसेल तर मराठी मुलखातली उदाहरणं द्या." मी एका पाळकाची, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूची, नात आहे. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, जीभ हळूहळू वळतेय) पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात माझे आजोबा वीसेक वर्षं पाळक होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. तेव्हा उत्तर तटस्थ असणार नाही, हे धरूनच वाचा.

आधी तुमचा गहू. हो, खरं आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगरकडे बाप्तिस्मे वाढले, आणि ते नाकारणारा ख्रिस्ती माणूस थापा मारतोय. खुद्द मिशनऱ्यांच्या मनात शंका होती की ही माणसं प्रभूकडे येताहेत की कोठाराकडे. पण आले कोण? बहुतेक महार आणि मांग. पाऊस धो धो पडला तरी ज्यांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं, ती माणसं. माझे खापरपणजोबा त्यातलेच. भुकेपोटी आले असतील तर असू देत, मला त्याची काडीची लाज वाटत नाही. भूक हे काय हलकं कारण आहे? भाकरीबरोबर त्यांनी शाळा घेतली, म्हणून आज मी हे टाइप करतेय.

उदाहरणं मागितलीत, ती घ्या. रॉबर्ट ह्यूम, अमेरिकन मिशनरी, जन्म मुंबईतला, १८४७ चा. १८७४ मध्ये नगरला आले आणि पन्नासेक वर्षं तिथेच राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळातल्या कामासाठी सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर सगळ्यांना कवी म्हणून ठाऊक आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये दीक्षित पाळक, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा संघ काढला. पंडिता रमाबाईंनी १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातून, गुजरातेतून उपाशी मुली गोळा करून पुण्याजवळच्या केडगावला आणल्या. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या घरात बायका-मुली होत्या. त्या पाळक नव्हत्या. बाईला त्या काळी पाळक होऊ दिलं कुणी असतं? झाली तुमची उदाहरणं. आता मला जे सांगायचंय ते.

१९७२ चा दुष्काळ. पुढच्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. आमच्या गावची अर्धी घरं एरवीही दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यावर जायची, त्या वर्षी उरलेली अर्धी पाझर तलावावर आणि खडीवर गेली. मी अकरा वर्षांची होते, दादा सोळाचा. बाबा मिलिटरीत ट्रक चालवायचे, तिकडे वर कुठेतरी. आई, आत्या, आम्ही दोघं आणि आजी-आप्पा असे सहाजण चर्चला लागून असलेल्या तीन खोल्यांत. पाळकाचा पगार मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, द्यायचा, आणि मंडळीच खडी फोडत होती, तेव्हा पगाराचं नावच काढायला नको. घर चालायचं बाबांच्या मनीऑर्डरीवर.

रेशनला मिलो यायची. अमेरिकेची तांबडी ज्वारी. जिनं ती खाल्लीय तिला वर्णन नको आणि जिनं खाल्ली नाही तिला कळणार नाही. भाकरी थापली की कडा फाटायच्या, आणि खाताना घशात अडकायची. (मिलोबरोबर गाजरगवत आलं असं आमच्याकडे अजून सांगतात. चूक आहे. गाजरगवत पुण्यात १९५० च्या दशकातच सापडलं होतं. तो दोष गव्हाला द्या नाहीतर कुणालाही द्या, मिलोची पापं तशीही पुरेशी आहेत.) कामावर मुलांना सुकडी मिळायची, गूळ घातलेली. त्यासाठी मी शाळा बुडवून खडीवर जायची आणि सुकडी संपली की शाळेत.

चर्चच्या ओसरीवर एका मदत देणाऱ्या संस्थेचं धान्य उतरायचं. परदेशी गव्हाचा जाड दलिया, तेलाचे डबे, दूध पावडर. पोत्यांवर दोन हात मिळवल्याचं चित्र असायचं. आजीनं त्या पोत्याची मला शाळेची पिशवी शिवली होती, आणि वर्गातली मुलं हात पुढे करून "सलाम, पाळकीणबाई" म्हणून माझ्याशी तसा हात मिळवायची. संस्थेचा नियम एकच: काम तिथं धान्य. तलावाच्या कामावर हजेरी, हजेरीवर अंगठा, अंगठ्यावर धान्य. नियम वाईट नव्हता. फुकट वाटलं की दांडगा माणूस पुढे येतो आणि बापडा मागे राहतो, हे मी पुढे सरकारी दवाखान्यात नोकरी करताना हजार वेळा पाहिलं. पण ज्याच्यानं टोपली उचलत नाही त्याचं काय करायचं, हे नियमात नव्हतं.

गोदामाची किल्ली आप्पांकडे. दर शनिवारी वाटप. आणि रोज संध्याकाळी आमच्या घरी वेगळी पंगत. कामावर न जाऊ शकणारे म्हातारे, एक बाळंतीण, एक आंधळा जोगी आणि मिळतील तेवढी पोरं. ते धान्य गोदामाचं नव्हे. ते आमचं, म्हणजे मनीऑर्डरीचं, आणि मंडळीतल्या बायका रोज पीठ मळताना मूठभर बाजूला काढायच्या त्या मुठीच्या धान्याचं. त्या दिवसांत मूठसुद्धा लहान झाली होती म्हणा. आजी आणि आत्या मिळून साठ-सत्तर भाकरी थापायच्या. आप्पा काय करायचे? आप्पा प्रार्थना म्हणायचे. 'आमची रोजची भाकर' इथपर्यंत आले की आजी आतून तवा आपटायची. हा योगायोग आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

आता तुमच्या धर्मांतराकडे येते. त्या पंगतीला कोण बसायचं? आमचे ख्रिस्ती, महारवाड्यातले बौद्ध झालेले, मांगवाड्यातले, एखादा फिरस्ता. बसायचं नाही कोण? मराठे आणि वंजारी. उपाशी नव्हते असं नाही. पण पाळक झाला तरी माणूस मूळचा कुठला, हे गावाला पाठ होतं. आमच्या घरचं पाणीसुद्धा त्यांना चालत नव्हतं. ज्यांना आमच्या घरचा घोट चालत नाही त्यांना आम्ही धर्मात ओढणार होतो! तुमचा प्रश्न वाचताना मला हसू आलं ते इथे.

त्या न बसणाऱ्यांत एक विधवा होती. तीन एकर कोरडवाहू, विहीर आटलेली, तीन पोरं, आणि सासू अंथरुणाला खिळलेली. ती स्वतः खडीवर जायची, पण मोजमाप ब्रासवर, म्हणजे फोडलेल्या खडीच्या मापावर, आणि तिच्या हातून अर्धंसुद्धा काम व्हायचं नाही. एका रात्री मागच्या दारी कडी वाजली. ती पदर पुढे ओढून उभी. म्हणाली, "साहेब, शिजलेलं नको. कोरडं द्या."

कळलं ना? कोरड्या धान्याला विटाळ नसतो. पीठ चालतं, भाकरी चालत नाही.

आजीनं ते ऐकलं आणि भडकली. आजी कधी आवाज चढवायची नाही, त्या रात्री चढवला. "माझ्या हातची भाकर बाटते आणि माझ्या कणगीतलं धान्य बाटत नाही होय? उपाशी मर म्हणावं!" आप्पा काहीच बोलले नाहीत. त्यांनी शेर घेतला, कणगीत घातला, पाच शेर ज्वारी मोजली. विधवेनं पदर पसरला. ती गेल्यावर आजी म्हणाली, उद्या तुम्हीच भाकरी थापा. दुसऱ्या दिवशी खरंच त्यांनी थापल्या. वेड्यावाकड्या झाल्या, पोरांनी हसत खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी आजी मुकाट्यानं परत चुलीपुढे बसली, आणि पुढच्या आठवड्यात मागच्या दाराची कडी वाजली तेव्हा उठून तिनंच धान्य मोजलं. पाच नाही, चार शेर. आणि एक शब्द बोलली नाही.

हे असं महिनाभर चाललं. मग एकीच्या दोघी झाल्या, दोघींच्या पाच. गावात लपून काय राहतं? चर्चच्या पंचांनी बैठक बोलावली. म्हणणं असं की ज्या घरांनी आपल्याला विहिरीवर चढू दिलं नाही त्यांच्या घरी पाळकसाहेब मंडळीचं धान्य रात्री पोचवतात. पंच दुष्ट होते असं मी लिहिणार नाही. मुठीचं धान्य त्यांच्याच बायकांनी काढलं होतं, स्वतःच्या पोरांच्या ताटातून. मला आज वाटतं की त्यांचा राग आप्पांच्या दयेपेक्षा कमी खरा नव्हता. पण त्यांच्यातल्या कुणीतरी वर पत्र टाकलं, आणि त्यात घरच्या धान्याऐवजी लिहिलं गोदामाचं.

संस्थेचा माणूस जीपमधून आला. पोती मोजली. एकही कमी निघालं नाही. तेलाचा एक डबा गळका होता, त्याचाही कागद आप्पांनी ठेवला होता. तरी जाताना तो किल्ली घेऊन गेला. का? तर 'तक्रार आलीय म्हणून'. सेवा करणाऱ्या संस्थांत मी पुढे आयुष्य काढलं म्हणून सांगते, भुकेपेक्षा तिथे तक्रारीला जास्त भितात.

आता पंगत चालवायची कशावर? मनीऑर्डर आली ती सगळी दुकानात गेली. आत्याला एका मिशन दवाखान्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. डिपॉझिट, दोन युनिफॉर्म आणि ट्रंक यासाठी आजीनं पैसे वेगळे ठेवले होते, तेही गेले. आत्याचं ते वर्ष वाया गेलं. ती पुढच्या वर्षी गेली आणि पुढे मेट्रनही झाली, पण त्या जूनमध्ये ती दारात बसून रडलेली मी पाहिली आहे.

आणि आप्पा खडीवर गेले. वय अठ्ठावन्न. सदरा-पायजमा, डोक्याला उपरणं, हातात हातोडा. मुकादमानं आधी नाव लिहायलाच नकार दिला, "साहेब, थट्टा करता काय" म्हणाला. मग लिहिलं. मजुरी यायची ती विधवेच्या सासूसाठी आणि पंगतीतल्या म्हाताऱ्यांसाठी. दीड महिना त्यांनी खडी फोडली. रविवारी उपासनेला उभे राहायचे तेव्हा चिंध्या बांधलेल्या बोटांनी पवित्र शास्त्राची पानं उलटता यायची नाहीत, मी उलटून द्यायची. शेवटी एक कपची पायात घुसली, त्यांना साखरेचा आजार होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि जखम चिघळून दोन बोटं कापावी लागली.

दादाच्या वर्गातली मुलं त्याच खडीच्या रस्त्यानं शाळेला जायची. पाळकाच्या नातवाला त्यांनी काय काय म्हटलं असेल ते तुम्हीच समजा. दादानं ते आप्पांना माफ केलं नाही. आज तो अडुसष्ट वर्षांचा आहे, दर नाताळला फोनवर आमचा हाच वाद होतो. त्याचं म्हणणं: घरच्यांना उपाशी ठेवून गावाला जेवू घालणं ही सेवा नाही, हा अहंकार आहे, आप्पांना संत व्हायचं होतं आणि त्याचा खर्च बाबांनी, आत्यानं आणि आजीनं भरला. माझं म्हणणं: आपण उपाशी नव्हतो. अर्धपोटी होतो, आणि तसं सगळं गाव होतं. ज्या वर्षी सगळं गाव अर्धपोटी असतं त्या वर्षी पाळकाचं घर पोटभर जेवलं तर त्यानं रविवारी तोंड कुठल्या तोंडानं उघडायचं?

पण मी प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिते की खर्चाबद्दल दादाचं बरोबर आहे. टिळकांच्या उदारपणानं संसाराला काय काय ताप झाला हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत हसत हसत लिहून ठेवलंय, वाचताना आपणही हसतो. मी नर्स झाल्यावर एका जपानी पाळकाबद्दल वाचलं, तोयोहिको कागावा. १९०९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, एकविसाव्या वर्षी, हा कोबे शहरातल्या शिनकावा नावाच्या झोपडपट्टीत एका खोलीत राहायला गेला. येईल त्याला खोलीत घेतलं, आणि त्यात डोळ्यांना खुपऱ्या लागल्या त्या जन्मभर पुरल्या. जगभर त्याची व्याख्यानं झाली. त्याची बायको हारू, कारखान्यातली कामगार, त्याच झोपडपट्टीत आली, तिलाही डोळ्यांचा तोच विकार जडला, आणि तिचं नाव किती जणांना ठाऊक आहे? म्हणून माझा सल्ला सरळ आहे. एखादा पाळक खरा सेवाभावी आहे का हे कळायला हवं असेल तर त्याचं प्रवचन ऐकू नका, अहवाल वाचू नका, फोटो तर अजिबात बघू नका. त्याच्या बायकोला विचारा की घरात पिठाचा डबा कधी रिकामा झाला होता का. झाला नसेल तर तो वाटतोय ते दुसऱ्याचं. झाला असेल तर मग तिलाच विचारा की तिला कुणी विचारलं होतं का. आजीला आप्पांनी विचारलं नव्हतं. हा त्यांचा दोष होता आणि मी तो झाकणार नाही.

कागावांचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. काही वर्षं वाटून झाल्यावर त्यांना वाटलं, हे असं पुरणार नाही. मग ते कामगार संघटनांत उतरले, १९२१ मध्ये कोबेच्या जहाजबांधणी कामगारांच्या संपात तुरुंगात गेले, आणि त्याच वर्षी ग्राहकांची सहकारी संस्था उभी करायला लागले. ती संस्था आजही कोबेत चालू आहे. आमच्या नगरला हेच पाण्याच्या बाबतीत झालं. फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये स्वित्झर्लंडहून आले, दुष्काळ पाहिले, आणि पुढे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याच्या कामाला लागले. १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबोंबरोबर 'वॉटर' (WOTR) ही पाणलोटाचं काम करणारी संस्था काढली. दादा म्हणतो, बघ, ही सेवा, आप्पांची ती भावनेची उधळपट्टी. मी म्हणते, पाणलोटाचं काम आधी व्हायला हवं होतं हे शंभर टक्के कबूल, पण १९७३ च्या मे महिन्यात त्या सासूला बंधारा पाजायचा होता काय?

(बाखर कॅथलिक, त्यांना फादर म्हणायचं, पाळक हा शब्द आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतला. दोघांना एकाच पोत्यात घातल्याबद्दल दोन्हीकडचे लोक रागावतील, रागावू देत.)

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं राहिलंच की. धर्म वाढवायला करतात का? काही करतात. असे मी पाहिलेत, ते आधी नाव लिहून घेतात आणि मग वाढतात. ते पंथ कुठलाही असो, जेवणाआधी घोषणा द्यायला लावणारे सगळ्या धर्मांत आहेत. आमच्या गावात त्या दुष्काळात किती नवे बाप्तिस्मे झाले ते मी मंडळीच्या वहीत स्वतः पाहिलंय: दोन, आणि दोन्ही ख्रिस्ती घरातलीच तान्ही बाळं. एका गावावरून जिल्ह्याचा हिशोब होत नाही, हे मान्य.

आजी १९९१ मध्ये गेली. आप्पा आधीच गेले होते. दफनविधी झाला, लोक ओसरीवर बसले, आणि त्या विधवेची तिन्ही मुलं आली. मोठा तोवर पंचायतीत सदस्य झाला होता, पांढरी टोपी, पांढरे कपडे. कोपऱ्यात बसले, आईला यायचं होतं पण गुडघे उचलत नाहीत म्हणाले. आत्यानं चहा टाकला.

दादा ठासून सांगतो की त्यांनी चहा घेतला नाही, कप तसेच ठेवून उठले. मागच्या नाताळलाही त्यानं हेच सांगितलं. तो तेव्हा मंडप बांधणाऱ्याचे पैसे द्यायला बाहेर गेला होता. चहा घेतला होता. धाकट्यानं तर दुसऱ्यांदा मागितला. कप मी विसळले.